लसीचं कार्ड पूर्ण, तरी टायटर कमी

माझ्या मुलाला जन्मतः मूत्रमार्गात पडदा होता. ऑपरेशन झालं, पण तोवर दोन्ही किडन्यांना मार बसला होता. आता तो नऊ वर्षांचा आहे. डायलिसिसचं बोलणं निघालं तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी आधी लसीचं कार्ड मागितलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरनं एकही डोस चुकू दिला नव्हता. जन्मल्याबरोबरची हिपॅटायटिस बी, मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची पेंटा (पाच रोगांची एकत्र लस, तिच्यातही हिपॅटायटिस बी असते), सगळ्यांपुढं तारखा. तरी डॉक्टर म्हणाले, "अँटी-एचबीएस टायटर करून आणा." म्हणजे हिपॅटायटिस बीशी लढणाऱ्या अँटीबॉडी रक्तात किती आहेत, ते मोजायचं.

आकडा 10 च्या खाली आला. 10 किंवा त्याहून जास्त असला तरच संरक्षण आहे असं धरतात. बायको म्हणाली, "मंग एवढ्या सुया देल्या, त्या गेल्या कुठी?"

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. लस वाया गेली नव्हती. अँटीबॉडी सगळ्याच मुलांत वर्षागणिक उतरतात, पण निरोगी मुलाच्या शरीराला विषाणूची जुनी ओळख राहते आणि ते पुन्हा लढतं. किडनी निकामी होत गेली की ही प्रतिकारशक्ती मंदावते. नेफ्रॉटिकच्या, म्हणजे लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या आजाराच्या, पोरांच्या अँटीबॉडी तर लघवीवाटेही जातात. त्यात डायलिसिसला दर वेळी रक्त बाहेर येणार, म्हणून हिपॅटायटिस बीची जास्त काळजी.

बूस्टर दंडात दिला. महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं. ते घेताना नर्सनं कोपराजवळची शीर मुद्दाम सोडली आणि हाताच्या पाठीवरून घेतलं. पुढं फिस्टुला करायचा, म्हणजे डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडायची, तर त्या शिरा शाबूत हव्यात. टायटर चढला होता. पण तो परत उतरू शकतो, म्हणून आता दरवर्षी तपासायचा. फ्लूची लसही दरवर्षी, पावसाळ्याआधी.

कांजिण्यांच्या लसीला घाई होती. ती जिवंत लस, म्हणजे तिच्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो. पुढं किडनी प्रत्यारोपण करायचं आहे, आणि त्यानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायमची सुरू होतात, मग अशा लसी सहसा देत नाहीत. सरकारी वेळापत्रकात ती नाही, विकत घ्यावी लागते. कापसाचे पैसे नुकतेच हाती आले होते, म्हणून जमलं. दोन डोसांत तीन महिन्यांचं अंतर, त्यामुळं दुसरा होळीनंतर. किडनी त्याची आई देणार आहे. दुसऱ्या डोसानंतर निदान चार आठवडे गेल्याशिवाय ऑपरेशनची तारीख धरायची नाही, असं डॉक्टरांनी फाइलवर लिहून दिलंय.