सिस्टर राणी मारिया आणि सावकार

आमच्या इंदूरात सिस्टर राणी मारिया कोण असं विचारलं तर राजवाड्यावर पोहे खाणारे बरेच जण नुसतं तोंडाकडे बघतील. केरळच्या या नन, उदयनगरकडच्या आदिवासी मजुरांना सावकाराच्या तावडीतून सोडवत होत्या, म्हणजे नुसती प्रार्थना नाही, थेट व्याजाच्या धंद्यालाच हात, मग झोंबणारच ना! 25 फेब्रुवारी 1995 ला बसने इंदूरला येताना वाटेतच त्यांना भोसकून मारलं. पुढे त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, त्याही ननच, जेलमध्ये जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. 2017 मध्ये चर्चने राणी मारियांना धन्य (म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, सोहळा इथेच इंदूरला झाला. आमच्याकडे प्रवचनात राखीचा किस्सा हमखास येतो, सावकाराचा विषय मात्र कुणी काढत नाही, आणि मला तर तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.