हरलात हे ठरवतं कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पंधरा रंगीत पिरॅमिड मांडून मी एकटीच खेळत बसलेली दिसले की प्रश्न ठरलेला: समोर कोणी नाही, वेळेचं बंधन नाही, मग हरलात हे ठरवतं कोण? विचारणाऱ्याचा सूर बहुधा चेष्टेचा असतो, पण प्रश्न चांगला आहे. पत्त्यांच्या पेशन्समध्ये तो पडतच नाही. हातातली गड्डी संपते, पान कुठेच लागत नाही, डाव बसतो. इथे डाव कधीच बसत नाही.

आधी सोंगट्यांबद्दल. पाच रंग, प्रत्येक रंगात लहान, मधला आणि मोठा असे तीन पिरॅमिड. लहानावर एक ठिपका, मधल्यावर दोन, मोठ्यावर तीन. आतून पोकळ असल्यामुळे ते एकमेकांवर बसतात. अमेरिकेतल्या अँड्र्यू लूनी आणि जॉन कूपर यांच्या ‘आइसहाउस’ या खेळातून ते आले. १९८९ साली बाजारात आलेल्या त्या खेळात पाळीच नव्हती, ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने सोंगटी ठेवायची. अशा झटापटीसाठी जन्मलेल्या सोंगट्या मी एकांतासाठी वापरते, हे त्यांच्या कर्त्यांना चालेल असं मी गृहीत धरलं आहे. याच पिरॅमिडांवर पुढे लोकांनी कितीतरी खेळ रचले. मी खेळते ते नियम माझ्यापुरते जुळवलेले आहेत आणि डाव पाचेक मिनिटांत निकालात निघतो.

पंधरा सोंगट्या पिशवीत घालून हलवायच्या. न बघता एकेक काढून पाच जागांवर ओळीने ठेवायच्या, अशा तीन फेऱ्या. सहावी जागा रिकामी. मग एका वेळी एकच सोंगटी उचलायची, तीही सगळ्यात वरची, आणि ती आपल्यापेक्षा मोठीवर किंवा रिकाम्या जागेवर ठेवायची. प्रत्येक रंगाची उतरंड लागली, मोठा खाली, मधला त्यावर, लहान टोकाला, की डाव सुटला.

खरी गंमत मांडतानाच सुरू होते. खाली लहान पडला आणि पुढच्या फेरीत त्याच जागी मोठा आला, तर मोठा त्याला गिळून टाकतो. पण सोंगट्या अर्धपारदर्शक आहेत, त्यामुळे मोठ्या निळ्याच्या पोटात लहान पिवळा बसलाय हे सरळ दिसतं. पत्त्यांत छळतं ते उलटं पडलेलं पान, न दिसणारं. इथे सगळं डोळ्यांसमोर असतं, फक्त हाताला लागत नाही. (सोंगट्या अपारदर्शक घेतल्या तर हा स्मरणशक्तीचा खेळ होतो. मला तो आवडत नाही.)

आता मूळ प्रश्न. डाव बसत का नाही? एखादी जागा रिकामी असेल तर चाल आहेच. सहाही जागा भरलेल्या असतील तर वर सहा सोंगट्या दिसतात, आणि एका आकाराच्या सोंगट्या आहेत पाचच. म्हणजे त्या सहांत निदान दोन आकार असणारच, आणि त्यातली लहान मोठीवर ठेवता येणारच. कितीही वाईट डाव पडो, एक तरी चाल शिल्लक असतेच. खेळ तुम्हाला कधीच ‘संपलं’ म्हणत नाही.

म्हणून प्रत्येक डाव सुटतो, असं मात्र नाही. मुद्दाम एक डाव मांडून बघा. पाचही जागी तळाला लहान, त्यांवर मोठे, सगळ्यात वर मधले. दिसायला किती नीटस! पाच उतरंडी जवळजवळ लागलेल्याच, फक्त लहान तेवढे मोठ्यांच्या पोटात. एखाद्या लहानाला सोडवायचं तर त्याच्यावरचा मोठा हलवावा लागेल. मोठा ठेवता येतो फक्त रिकाम्या जागेवर, आणि तो उचलायचा तर आधी त्याच्या डोक्यावरचा मधला काढायला हवा. मधला सहाव्या जागेवर ठेवला की रिकामी जागा गेली. तो दुसऱ्या मोठ्यावर ठेवावा, तर तिथे आधीच एक मधला बसलेला. तुम्ही पाच मधले या मोठ्यावरून त्या मोठ्यावर दिवसभर फिरवत बसू शकता. चाली कधी संपणार नाहीत आणि एकही लहान बाहेर येणार नाही. सातवी जागा दिली, तर हाच डाव सुटतो.

संगणकावर फ्रीसेल खेळला असाल तर हा प्रकार ओळखीचा वाटेल. तिथेही सगळी पानं उघडी आणि अडचणीला चार रिकामी घरं. विंडोजमधल्या जुन्या फ्रीसेलमध्ये ३२,००० क्रमांकित डाव होते, आणि त्यांतला ११९८२ क्रमांकाचा तेवढा कोणालाच सुटला नाही. पण फ्रीसेलमध्ये चाली संपल्या की संगणक तसं सांगतो. इथे सांगणारं कोणी नाही.

तेव्हा ठरवते मीच, आणि ते ‘कंटाळा आला, सोडून दिला’ असं नसतं, निदान नसावं. कोणता मोठा अडला आहे, त्याला कुठली जागा हवी, ती का मिळणार नाही, हे बोट ठेवून दाखवता आलं तरच मी हरले असं धरते. दाखवता येत नसेल तर डाव चालू आहे.

‘एकटीच तर आहेस, कर की थोडी फसवाफसवी,’ असंही लोक सुचवतात. पण फसवणार कशी? चोरून बघायला काही झाकलेलंच नाही. चाल मागे घेणं तर बहुतेक वेळा नियमातच बसतं, मधल्यावरून उचललेला लहान पुन्हा मधल्यावर ठेवता येतोच. एकच लबाडी उरते: मांडणी बघून नाक मुरडायचं आणि पहिली चाल करायच्या आधीच सगळं पिशवीत परत टाकायचं. ती मी करते.