पुढची आवृत्ती

ठाण्याहून वाशीकडे जाणारी दुपारची लोकल तशी निवांत असते. परवा समोरच्या बाकावर दोन कॉलेजची मुले बसली होती आणि त्यांतल्या एकाच्या हातात निन्टेंडोचा नवा कोरा स्विच २, हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, होता. ऐरोली मागे पडल्यावर खाडीच्या बाजूचे ऊन थेट पडद्यावर येऊ लागले, तसा त्याने आधी तळहाताचा आडोसा केला, मग सॅक मांडीवर उभी केली आणि शेवटी कंटाळून गेम थांबवत म्हणाला, "याचा ओएलईडीवाला येऊ दे, मग बघ." मित्राने खिडकीबाहेर पाहतच उत्तर दिले, "उन्हात तोही असाच दिसणार आहे."

हातातल्या यंत्रावरचे प्लास्टिकही धड निघालेले नसताना त्याच्या धाकट्या भावंडाची वाट पाहू लागायचे, ही वृत्ती मला फार जवळची आहे. त्या मुलाची तक्रार तशी रास्तच होती. २०२१ साली पहिल्या स्विचची सुधारित आवृत्ती येणार असे वारे सुटले, तेव्हा लोकांनी फोर-के, म्हणजे फार बारीक तपशिलाच्या, चित्राची स्वप्ने पाहिली होती. हाती आला तो सात इंची ओएलईडी, म्हणजे अधिक गडद आणि ठळक रंगांचा पडदा, देखणा खरा, पण रेझोल्यूशन, म्हणजे चित्राचा बारकावा, तेच जुने ७२० पी. पुढे ५ जून २०२५ रोजी स्विच २ आला आणि त्यात पडदा ७.९ इंचांचा झाला, रेझोल्यूशन १०८० पी झाले, मात्र ओएलईडी जाऊन पुन्हा जुन्या धाटणीचा एलसीडी आला. म्हणजे ज्यांचे एक मागणे पुरे झाले, त्यांना दुसरे मागणे आयतेच मिळाले.

निन्टेंडोच्या घराण्याची ही जुनीच रीत आहे. २००१ सालच्या गेम बॉय अॅडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता आणि त्यावरून जगभरच्या पोरांनी बोटे मोडली होती. २००३ साली त्याची एसपी नावाची घडीची आवृत्ती आली, तिच्यात दिवा होता, चार्ज होणारी बॅटरी होती. फक्त हेडफोन लावायची नेहमीची जागा तेवढी काढून टाकलेली होती आणि त्यासाठी वेगळा अॅडॅप्टर घ्यावा लागत होता. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, ही म्हण ज्याने रचली त्याचा निन्टेंडोशी व्यवहार झालेला नसावा. इथे डोळा मिळाला आणि कान गेला. सोनीच्या भक्तांचीही कथा वेगळी नव्हती. पीएसपी या सोनीच्या हातातल्या यंत्राला दुसरी जॉयस्टिक हवी असे ते सांगत राहिले आणि कंपनी ते यंत्र कधी सडपातळ, तर कधी अधिक उजळ करत राहिली. दुसरी जॉयस्टिक आली ती थेट २०११ च्या व्हिटामध्ये, म्हणजे दुसऱ्याच यंत्रात.

आमच्या ठाण्यातल्या चरईत लहानपणी ब्रिक गेम घरोघरी होता. त्याच्यावर ९९९९ गेम असल्याचे छापलेले असायचे आणि त्यांतले मोजके सोडले तर बाकी सगळे त्यांचेच वेगवेगळे वेग असत. खरा गेम बॉय मात्र आमच्या इमारतीत एकच होता, तळमजल्यावरच्या मुलाच्या काकांनी मस्कतहून आणलेला. त्याचा तो शेवाळी पडदा दिवसाउजेडी गॅलरीत छान दिसे. संध्याकाळ झाली की आम्ही त्याच्यासह जिन्यातल्या दिव्याखाली सरकायचो आणि दिवे गेले की एकाने खेळायचे, दुसऱ्याने त्याच्या खांद्यावरून टॉर्च धरायचा, अशी वाटणी होती. टॉर्च धरणाऱ्याचा हात अवघडून हलला की पडद्यावर लख्ख तिरीप उमटे, वरून पडणारी वीट दिसेनाशी होई आणि भांडण सुरू होई. सेल उतरले की ते दाताने दाबून किंवा उन्हात ठेवून पाहायचे, हे शास्त्र सगळ्यांना ठाऊक होते. टॉर्चमध्ये चांगले जिवंत सेल असत, पण ते जाडे. गेम बॉयला पेन्सिल सेल लागत. हा अन्याय मला आजही पुरता पचलेला नाही.

पुढच्या आवृत्तीत दिवा असणार, हे आम्ही जिन्यातच ठरवून टाकले होते. गुनपेई योकोई या गेम बॉयच्या कर्त्याने तो मुद्दाम दिला नव्हता, हे फार उशिरा वाचनात आले. जुने, स्वस्त आणि पक्के झालेले तंत्रज्ञान घ्यायचे आणि त्यातून नवा खेळ काढायचा, हा त्यांचा बाणा. १९९० साली आलेल्या सेगा या स्पर्धक कंपनीच्या गेम गिअरला रंगीत, उजेडाचा पडदा होता आणि तो सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवत असे. गेम बॉय चार सेलांवर त्याच्या कितीतरी पट चाले. सेल आणायला ज्यांच्याकडे पैसे मागायचे, त्या माझ्या आजीने योकोईंचीच बाजू घेतली असती.

माझी स्वतःची मागणी दिव्याची राहिलेली नाही. मला हवे आहे ते डाव्या अंगठ्याखालचे अधिकचिन्हाच्या आकाराचे एकसंध बटण, योकोईंनीच १९८२ च्या 'डाँकी काँग'च्या गेम अँड वॉच या छोट्या खेळयंत्रासाठी काढलेले. त्यावर अंगठा न उचलता एका दिशेवरून दुसऱ्या दिशेवर ओघळतो. स्विचच्या डाव्या जॉय-कॉनवर, म्हणजे पडद्यापासून सुट्या होणाऱ्या बटणांच्या तुकड्यावर, त्याऐवजी चार सुटी बटणे आहेत, कारण तो तुकडा आडवा धरून दुसऱ्या खेळाडूलाही देता यावा. कारण मला पटते. अंगठ्याला पटत नाही. स्विच २ मध्येही तीच सुटी बटणे आहेत. शिवाय मला ते यंत्र शर्टाच्या नाही तर निदान पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात मावायला हवे आहे आणि सव्वापाचशे ग्रॅमच्या वर वजन असलेली वस्तू गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून कशी खेळायची, हे या मंडळींनी एकदा ठाण्याच्या फलाटावरून चढून दाखवावे.

यावर आमच्या घरात उत्तर तयार असते. आकाराने लहान, वजनाला हलका आणि डाव्या बाजूला एकसंध अधिकचिन्ह असलेला स्विच लाइट २०१९ पासून बाजारात आहे, मग तो एकदाचा घेऊन का टाकत नाही, असे मला विचारले जाते. तेव्हा घेतला असता तर गोष्ट वेगळी होती. आता स्विच २ आलेला आहे, म्हणजे आज ना उद्या त्याचाही लाइट निघेल आणि इतकी वर्षे कळ काढल्यावर ऐन वेळी जुना घेण्यात काही अर्थ नाही.