आईची अबू धाबीतली कनेक्शन

शनिवार, रात्र, शिकागो

आई आत झोपलीय. जेटलॅगने मला झोप नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

तिकीट काढतानाच ठरवलेलं की अबू धाबीवरूनच आणायचं आईला, आणि मधे चार तास तरी हवेतच. दोन तासांची कनेक्शन स्वस्त होती, सगळे म्हणत होते की दोन तास पुरतात. पुरतात ना, पण चालणारे पाय कुणाचे ते बघायला नको का? आईचे गुडघे, आणि त्यात तिथल्या विमानतळाचं टर्मिनल ए म्हणजे २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं साडेसात लाख चौरस मीटरच्या घरातलं अवाढव्य प्रकरण. छत, उजेड, सगळं सुंदरच आहे, पण वयस्कर माणसाला आधी दिसतं ते अंतर.

व्हीलचेअर मुंबईहूनच सांगून ठेवली होती. आई आधी ऐकेचना, "अगं मी काय आजारी आहे का, लोक काय म्हणतील". मग तिला समजावलं की एअरलाइनकडे याचे प्रकार असतात, डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, विमानात आपापलं चालता येतं पण लांबचं अंतर झेपत नाही, तू त्यातली, आजारी कोण म्हणतंय. तेव्हा कुठे बसली. विमानाच्या दाराशीच एक नेपाळी मुलगा खुर्ची घेऊन उभा, "अम्मा, आराम से" म्हणाला आणि आई खुलली, पुढचा सगळा रस्ता त्याला घरी कोण कोण आहे ते विचारत होती.

आता खरी गोष्ट. अमेरिकेला जाणाऱ्या माणसाचं इमिग्रेशन अबू धाबीतच होतं. तिथे अमेरिकेचे स्वतःचे ऑफिसर बसतात, २०१४ पासून, याला प्रीक्लिअरन्स म्हणतात, आणि अशी सोय जगात सहाच देशांत आहे, आखातात तर फक्त इथे. म्हणजे परत सिक्युरिटी, पाण्याची बाटली रिकामी, मग रांग, बोटांचे ठसे, फोटो, प्रश्न. नुसतं एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जायचं असं नाहीच ते, आणि मुंबईहून विमान थोडं जरी उशिरा निघालं तरी हे सगळं उरलेल्या वेळातच बसवायचं. आमच्या पुढे एक बाई लहान मूल कडेवर घेऊन सारखी घड्याळ बघत होती, तिची फ्लाइट आमच्या आधीची, स्टाफने तिला नाव घेऊन पुढे काढलं तेव्हा मलाच हायसं वाटलं.

काउंटरवर मी सोबत होते. किती दिवस राहणार, कुणाकडे, रिटर्न तिकीट आहे का. आमच्या चेक-इन बॅगेचा फोटो ऑफिसरच्या स्क्रीनवर होता, खायचं काय आणलंय विचारलं. आईने मी भाषांतर करायच्या आतच बोटं मोजत मराठीत सांगायला सुरुवात केली, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, आणि मी एकेक इंग्रजीत सांगत गेले. काही लपवायचं नाही हे आमचं घरीच ठरलं होतं आणि मला तेच बरोबर वाटतं, विचारलं की सगळं सांगायचं. त्याने शिक्का मारला, आईला "वेलकम" म्हणाला.

एकदा पलीकडे गेलं की परत टर्मिनलमधे येता येत नाही, म्हणून चहा आणि खाणं आधीच उरकलं होतं. गेटपाशी तासभर पाय वर करून बसता आलं तिला. पुढे चौदा-पंधरा तास विमानात काढायचे होते, त्या तासाची किंमत मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होती.

आणि शिकागोला उतरल्यावर रांगच नाही! प्रीक्लिअरन्स झालेली फ्लाइट देशांतर्गत असल्यासारखी येते, त्यामुळे थेट बॅगांच्या पट्ट्यावर आणि तिथून बाहेर. एरवी इतक्या तासांच्या प्रवासानंतर सुजलेल्या पायांनी तिला ओ'हेअर विमानतळावर इमिग्रेशनच्या रांगेत थांबावं लागलं असतं, त्या विचारानेच मला इतके दिवस धास्ती होती.

सासू-सासरे उन्हाळ्यात येतायत. नवरा संध्याकाळी लॅपटॉपवर एक स्वस्त तिकीट दाखवत होता, मधे दीड तास. मी नाही म्हटलं, वरचे पैसे मी घालते पण मधे चार तास हवेत आणि व्हीलचेअर दोघांसाठी आत्ताच टाक. बाबा नाही म्हणतील म्हणाला. त्यांच्याशी आईच बोलणार आहे उद्या.