बोटभर फट

मोटारीच्या छतात सरकती काच बसवण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांच्या देशात ऊन हौसेने अंगावर घेतले जात असणार. आपल्याकडे ती काच एप्रिल-मे महिन्यांत उन्हापायी बंद, जून ते सप्टेंबर पावसापायी बंद आणि उरलेले दिवस धुळीपायी बंद. तरीही जुनी गाडी घेताना तिला सनरूफ आहे म्हटल्यावर आमच्या घरात क्वचित होणारे एकमत झाले. पुढची कित्येक वर्षे ते छत उघडले ते पसरणीच्या घाटात, तेही हिवाळ्यात, आणि पाहुणे बरोबर असले तरच. वापराविना पडून राहिलेल्या वस्तू नेमक्या अडचणीच्या वेळी हिशेब मागतात. मे महिन्याच्या अखेरीस पुण्यावर वळवाचे ढग जमू लागले आणि आमची काच बंद होता होता शेवटच्या बोटभर अंतरावर अडू लागली. ती तिथे क्षणभर थांबायची आणि आल्या वाटेने मागे निघून जायची.

बिघाडासारखे दिसणारे हे मागे जाणे वास्तविक त्या यंत्रणेचा शहाणपणा असतो. काच पुढे सरकताना मोटरला नेहमीपेक्षा अधिक विरोध जाणवला, की मध्ये कोणाचा तरी हात अडकला असावा असे धरून ती काचेला उलट नेते. रुळांवरचे ग्रीस वर्षानुवर्षे वाळते, त्यात धूळ रुतते, आणि त्या चिकट थराचा अडसर तिला माणसाच्या बोटापेक्षा निराळा वाटत नाही. अशा वेळी एकाने बटण दाबायचे आणि दुसऱ्याने बाहेरून काच रेटायची, हा आपला सर्वमान्य उपाय घातक ठरतो. काचेच्या डाव्या आणि उजव्या बाजूंना ओढणाऱ्या केबल वेगवेगळ्या असतात. त्यांतली एक जरी मोटरच्या दात्यांवरून घसरली, तरी काच तिरकी होऊन बसते. गॅरेजमधल्या तरुणाने एवढेच सांगितले, "काका, वरनं दाबू नका. एक बाजू पुढं गेली की सगळं छत उतरवावं लागतंय."

सोसायटीतल्या जाणकारांचा सल्ला मात्र एकमुखी होता : सिलिकॉन भरून ती काच कायमची बंद करून टाका. या सल्ल्यामागे असा समज असतो की काचेभोवतीचे रबर पाणी पूर्ण अडवते. तसे ते अडवत नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही नसते. थोडे पाणी आत येणारच, हे धरूनच काचेखाली कौलारू घराच्या पन्हळीसारखी चर ठेवलेली असते. बहुतेक गाड्यांत तिच्या चारही कोपऱ्यांना छिद्रे असतात आणि तिथून निघालेल्या नळ्या छत पेलणाऱ्या पुढच्या व मागच्या खांबांच्या पोटातून पाणी खाली रस्त्यावर सोडतात. म्हणजे छतातून पाणी गळते तेव्हा बहुधा दोष रबराचा नसून तुंबलेल्या नळीचा असतो. सिलिकॉन कुठे कडेने सुटले, की पाणी पुन्हा त्याच चरीत उतरते आणि वाट न मिळाल्याने छताच्या अस्तरात शिरते.

काच मागे नेऊन रुळांत पाहिले, तेव्हा आमच्या पार्किंगवरच्या सोनमोहराचे सगळे उत्पन्न तिथे साठलेले दिसले. पिवळ्या पाकळ्यांचा तपकिरी भुगा झाला होता आणि काळ्या ग्रीसमध्ये मळून त्याची डिंकासारखी वडी बनली होती. जुना टूथब्रश आणि स्क्रूड्रायव्हरला गुंडाळलेले फडके यांनी ती खरवडून काढण्यात जवळजवळ सगळी सकाळ गेली. नळ्यांत हवेचा जोराचा झोत मारायला त्या तरुणाने नकार दिला, कारण खांबाच्या आत नळीचा जोड निसटला तर तो शोधणार कोण? त्याऐवजी त्याने गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत सरकवली. मग पेल्याने पाणी ओतले. पुढच्या डाव्या कोपऱ्यातले पाणी थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि मग दाराच्या बिजागरीखालून गढूळ धार सुटली. तिच्याबरोबर चहाच्या चोथ्यासारखा पुंजका बाहेर पडला.

पुढचे काम किरकोळ होते. रुळांना नवे ग्रीस लावले आणि रबराला सिलिकॉनचे, कारण खनिज तेलाने रबर फुगते. शेवटी बंद करण्याचे बटण दाबून धरून काचेला तिची हद्द पुन्हा शिकवली. याची रीत प्रत्येक गाडीत निराळी असते, म्हणून गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडून बघावी. आमची तर कोरी करकरीत होती.

काच आता मिटते. रबरात धरलेली कागदाची पट्टी तीन बाजूंना घट्ट बसते, मागच्या एका कोपऱ्यात मात्र सहज ओढून निघते, आणि द्रुतगती मार्गावर तिथूनच बारीक शीळ ऐकू येते. काचेची पुढची कड छतापेक्षा किंचित खाली आणि मागची किंचित वर असावी लागते. हा फरक जेमतेम एका मिलिमीटरचा असतो. त्यासाठी स्क्रू सैल करून काच हलवावी लागेल. ते काम पावसाळा संपल्यावर करू, असे गॅरेजवाल्याने सांगितले आहे.