‘मोठ्यानं बोला’ सांगायला थेरपिस्ट कशाला?

अण्णांना स्पीच थेरपीला नेते म्हटलं की बहुतेकजण हेच विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

अण्णांची हयात सांगलीच्या मार्केट यार्डात गेली. राजापुरी हळदीच्या ढिगापाशी उभे राहून ते सौदा पुकारायचे, तो पलीकडच्या गाळ्यापर्यंत ऐकू जायचा. पार्किन्सन्स झाल्यावर हात कापतो हे सगळ्यांना दिसलं. आवाज कधी खाली गेला, कुणाच्या ध्यानात आलं नाही. आईला वाटायचं, हे रुसलेत. मी दिवसातून पन्नासदा “अण्णा, जरा मोठ्यानं” म्हणायचे. एक वाक्य मोठ्यानं यायचं, पुढचं पुन्हा तोंडातल्या तोंडात. मी चिडायचे. त्याचं आजही वाईट वाटतं.

या आजारात मेंदूत डोपामिन हे हालचालींना लागणारं रसायन कमी पडतं आणि सगळ्याच हालचाली आखडत जातात. अक्षर बारीक होतं, पाऊल आखूड पडतं, तसाच आवाजही. त्यात स्वतःचा आवाज जोखायचं मापच बिघडतं. त्यामुळे पुटपुटणं त्यांना नेहमीचं बोलणं वाटतं. पहिल्या दिवशी थेरपिस्टबाईंनी मोठ्यानं बोलायला लावलं, तर अण्णा संकोचून म्हणाले, “किती ओरडाय लावताय, लोक काय म्हणतील?” बाईंनी लगेच रेकॉर्डिंग ऐकवलं. अण्णांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. चारचौघांसारखं साधं बोलणं होतं ते.

हे माप पुन्हा बसवायचं तर घोटून घ्यावं लागतं. एलएसव्हीटी लाऊड ही पद्धत अमेरिकेत १९८७ च्या सुमारास सुरू झाली, ली सिल्व्हरमन या पार्किन्सन्स झालेल्या बाईंच्या नावानं. आठवड्यातून ४ दिवस, रोज तासभर, असे ४ आठवडे. शिवाय घरी सराव. गोळ्यांनी हातापायांना जेवढा आराम पडतो, तेवढा आवाजाला पडेलच असं नाही, म्हणून हा खटाटोप. आणि हो, जेवताना ठसका लागत असेल तर तेही थेरपिस्टना जरूर सांगा. घास किंवा पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

घरी रोज सकाळी श्वास पुरेल तोवर मोठा ‘आ’, मग रोजच्या वापरातली दहा वाक्यं. “अगं, चहा झाला का?” “पेपर आला का?” नऊ आम्ही मिळून लिहिली. दहावं अण्णांनी स्वतः घातलं: “बोला, राजापुरी, बोला!” ते म्हणताना ते खुर्चीतून उठून उभे राहतात.