तीनशे-तीनवरचा भैरव आणि वरातीतला कॅसिओ

‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी लावली, की पन्नाशीकडं झुकलेल्या खान्देशी कानाला डिस्को कमी आणि वरात जास्त आठवते. गाडीवर कर्णे, मागं धडधडणारा जनरेटर, आणि कंपनी कुठलीही असो, ‘कॅसिओ’च म्हटला जाणारा कीबोर्ड. तोच सणसणीत, जरा नाकातला सूर. फक्त इथं भैरव राग चाललेला असतो.

हिंदी चित्रपटसंगीतात वादक असलेल्या चरणजित सिंग यांनी ही १९८२ साली वाजवली, एचएमव्हीनं काढली. तेव्हा कुणी फार विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि शिकागोचं अ‍ॅसिड हाउस, म्हणजे ३०३च्या चिरक्या सुरावरचं नाचाचं संगीत, येण्याच्या कितीतरी आधीची म्हणून गाजली. मान रास्तच, पण त्या गाजावाज्यात वादन मागं पडलं.

यंत्रं तीन, तिन्ही रोलँड कंपनीची: खर्जाला, म्हणजे खालच्या सुरांच्या ओळीला टीबी-३०३, तालाला टीआर-८०८, सुरावटीला ज्युपिटर-८ हा कीबोर्ड. वाद्यं एकमेकांना जोडणारी मिडी पद्धत अजून यायची होती. ३०३ आणि ८०८ एकाच घड्याळावर चालवायला रोलँडचीच पाच पिनांची सिंक वायर लागे. मोबाइलच्या स्पीकरवर ३०३चा खालचा भाग ऐकूच येत नाही आणि निम्मी मजा जाते. हेडफोन लावा. ‘बेस बूस्ट’ मात्र बंद ठेवा, नाहीतर ८०८चा ठोका खर्जाची ओळ गिळतो.

स्वतः करून बघायचं तर ३०३ची नक्कल करणारं अ‍ॅप आणि साधा कीबोर्ड पुरे. पहिली चूक हमखास तालात होते. पॅटर्नला, म्हणजे यंत्रात भरलेल्या फिरत्या तुकड्याला, सोळा स्टेप (घरं) दिसतात, म्हणून तो सोळा मात्रांचा तीनताल समजला जातो. १२० च्या लयीत त्या सोळा स्टेप म्हणजे चारच ठोके, दोन सेकंदांत संपतात. ठोक्याला एक मात्रा धरली, तर पूर्ण आवर्तनाला चार पॅटर्न जोडावे लागतात.

दुसरी चूक कोमल रिषभाची, म्हणजे भैरवातल्या कोमल रेची. तो खर्जात लांब धरला की षड्जाशी (साशी) घासून गढूळ होतो. खर्ज सा-प वर ठेवा, रे एखाद्या स्टेपपुरता. स्लाइडवर, म्हणजे ३०३च्या एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याच्या सोयीवर, मींडेची (सुरावरून सुरावर सावकाश ओढत जाण्याची) आशा नको: ३०३मध्ये घसरायला लागणारा वेळ ठरलेला असतो, सा ते रे असो की सा ते प. भैरवाचं आंदोलन, म्हणजे रेचं सावकाश डोलणं, तर त्यात अजिबात बसत नाही. ते कीबोर्डच्या बेंडरवर, म्हणजे सूर वर-खाली वाकवणाऱ्या दांड्यावर किंवा चाकावर काढायचं. बेंडरची रेंज २ सेमीटोन (अर्धस्वर) ठेवा, रे दाबून बेंडर किंचित वर, सावकाश, आणि परत. रेंज १२ वर राहिली असेल तर बोट नुसतं टेकलं तरी सूर थेट मध्यमापलीकडं उडतो. वरातीतल्या कॅसिओवाल्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

खरी अ‍ॅनालॉग यंत्रं तापली की सूर सोडतात. ज्युपिटर-८ला त्यासाठी ऑटो-ट्यूनचं, म्हणजे यंत्र आपणच सुरात आणणारं, बटणच आहे. भुसावळच्या मे महिन्यात ते किती वेळा दाबावं लागेल, याचा अंदाज करा. डिजिटल कीबोर्डला ही भानगड नाही.

भैरव जमला की मालकंस घ्या. तिथं पंचमच (प) वर्ज्य, त्यामुळं सा-पची कुबडी निघून जाते आणि खर्ज सा-म वर नव्यानं बांधावा लागतो.